दुपारची पिशवी

वहिनींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, मी तळाला. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की मी ओळखायचो, आता रंगखातं उघडणार. कारखाना आमच्या गल्लीच्या टोकालाच होता. सुताच्या लड्या रंगवून द्यायच्या, एवढंच तिथलं काम. मी बॉयलर सांभाळायचो, वहिनी रंग जुळवायच्या. मी वाफ देणार आणि त्या ती वापरणार, तेव्हा भांडायला विषय कधी कमी पडला नाही.

माझा थोरला भाऊ गेल्यावर त्या कारखान्यात आल्या, लड्या धुवायच्या कामावर. हौदाशी उभं राहायचं, ओली लडी उचलायची, पिळायची, पुढच्या हौदात टाकायची. ओली लडी किती जड असते ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. त्या हे काम न कुरकुरता करत आणि करता करता रंगाऱ्याच्या टेबलावर डोळा ठेवून असत. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा आणून देतं आणि म्हणतं, असंच सूत हवं. मग कोणता रंग किती, मीठ किती, हौदात लडी किती वेळ ठेवायची, हे ठरवायचं. जुना रंगारी सोडून गेला तेव्हा मुकादमाने दोन माणसं आणून पाहिली. दोघांचाही हिरवा गिऱ्हाइकाने परत पाठवला. एका सकाळी वहिनी हौदावरून उठल्या, हात पुसले आणि टेबलाशी जाऊन बसल्या.

"कोणी सांगितलं इथं बसायला?" मुकादमाने विचारलं.

"कोणी नाही. हिरवा जमला की उठते."

हिरवा जमला. त्या उठल्या नाहीत. त्यांची नखं कायमची निळसर झाली आणि सगळं खातं त्यांना निळीबाई म्हणू लागलं. त्यांना ते नाव आवडायचं. वहिनी म्हणणारा मी एकटाच उरलो.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. त्या म्हणाल्या, उभं राहून सुजतात. मग जेवण जाईना. त्या म्हणाल्या, उकाडा आहे. मग जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या, तेव्हा कारण सुचलं नाही म्हणून गप्प बसल्या. एक दिवस हौदाच्या कडेलाच कोसळल्या. मुकादमाने स्वतः उचलून गाडीत घातलं.

दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. वाढलेल्या रक्तदाबाने ती वर्षानुवर्षं खाल्ली होती.

"रक्तदाब कधी तपासला होता?" डॉक्टरांनी नंतर विचारलं.

"दुखला असता तर तपासला असता," वहिनी म्हणाल्या.

पण हे बोलण्याइतकं बळ त्यांना बऱ्याच दिवसांनी आलं. दवाखान्यात आणलं तेव्हा त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि रक्तदाब आता उलटा, तळाला गेला होता. पलंगाशेजारी एक संथ चालणारं मशीन लावलं होतं. मी आयुष्यभर मशीनशेजारी उभा राहिलेलो, त्यामुळे हे काय करतं ते विचारल्याशिवाय मला राहवेना. तिथल्या तंत्रज्ञाने नीट सांगितलं. मानेतल्या नळीतून रक्त थोडं थोडं बाहेर येतं. गाळणीतून जाताना दाबाने त्यातलं पाणी गाळून काढलं जातं आणि त्या पाण्यात विरघळलेली घाण त्याच्याबरोबर वाहून जाते. जेवढं पाणी जातं त्यातलं बरंचसं ताज्या क्षारांच्या पाण्याच्या रूपाने परत भरतात. हे दिवसरात्र, सावकाश. नेहमीचं डायलिसिस मशीन चार तासांत जे करतं ते इथे अख्ख्या दिवसात होतं, कारण घाईघाईने पाणी ओढलं तर असं अशक्त शरीर ते सोसत नाही.

त्या सावरल्या. मग नेहमीचं मशीन आलं. डायलिसिस केंद्रात आठवड्यातून तीनदा, सकाळी चार तास. हातातली एक शीर धमनीला जोडून जाड केली, त्याला फिस्टुला म्हणतात, आणि ती तयार झाल्यावर तिथे दोन सुया टोचायला लागले. एका सुईतून रक्त मशीनकडे जायचं, दुसरीतून परत यायचं. मध्ये वीतभर लांबीची काचेसारखी नळी. तिच्यात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या. रक्त त्या नळ्यांच्या आतून जातं आणि बाहेरून औषधी पाणी उलट्या दिशेने वाहतं. नळ्यांच्या भिंतींना इतकी बारीक छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनीन अशी रक्तातली घाण आणि जादा पोटॅशियम पलीकडे पाण्यात उतरतं, पण रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी म्हणून आतच राहतात. उलट्या दिशेने वाहण्यामागचा हेतू मला सांगावा लागला नाही. बॉयलरच्या पाण्याला धुराड्याकडे जाणाऱ्या धुराने ऊब देताना आम्ही हेच करायचो. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने गेले तर थोड्याच अंतरात सारखे होतात आणि पुढचं काम थांबतं. उलटे गेले की रक्ताला टोकापर्यंत समोर स्वच्छच पाणी भेटतं.

मशीन उत्तम होतं. अडचण वेळेची होती. केंद्रात जागा मिळाली ती सकाळचीच. रंग जुळवायचा तो सकाळच्या उजेडात, दिव्याखाली नाही. शिवाय मशीनवरून उठल्यावर वहिनी त्या दिवसापुरत्या पिळून काढलेल्या कपड्यासारख्या व्हायच्या. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस टेबल रिकामं.

मुकादम भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर मालक होता.

"निळीबाई, मोठी ऑर्डर येतेय. तोवर मी टेबल धरून ठेवतो. त्यानंतर मला रोज बसणारं माणूस लागेल. तुम्हाला मी मोजमापाच्या कामावर घेतो ना. बसून काम. पगारही फारसा कमी नाही."

"सुताचे गठ्ठे मोजू?" वहिनी म्हणाल्या. "त्यापेक्षा मुकादमाची जागा द्या. तिथेही बसूनच असतं सगळं."

मुकादम हसला, पण शब्द मागे घेतला नाही. तो गेल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यांची लेक शिवणयंत्रावर होती. तिने यंत्र थांबवलं नाही, पण एक अख्खी शिवण वाकडी घातली.

वाट दाखवली ती केंद्रातल्या एका सिस्टरने. तिच्याकडे पोटाच्या डायलिसिसचे रुग्ण असायचे. तिने सांगितलं की रक्त बाहेर न काढताही धुता येतं. पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तोच पडदा गाळणी म्हणून वापरायचा. छोटं ऑपरेशन करून पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, नळी बंद करायची आणि आपल्या कामाला लागायचं. चार-पाच तासांत रक्तातली घाण पडद्यातून त्या पाण्यात उतरते. पाण्यात साखर असते, ती शरीरातलं जादा पाणी खेचून घेते. मग ते सगळं रिकाम्या पिशवीत काढायचं आणि नवीन भरायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. रोज. सुट्टी नाही.

"म्हणजे हौद माझ्या पोटातच," वहिनी म्हणाल्या. "पहाटे आणि संध्याकाळी घरी बदलीन. दुपारी जेवणाच्या सुट्टीत. टेबल सोडायलाच नको."

"पण ताई, स्वच्छता कडक हवी," सिस्टर म्हणाली. "नळी जोडताना धूळ, वारा, बोट, काहीही लागलं तर पोटात जंतू जातो. आणि ते मशीनपेक्षा जास्त महागात पडतं. मी घर पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही."

वहिनींचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत लेकीचं शिवणकाम, हवेत सतत सुताची तुसं. सिस्टर दारातूनच मागे फिरली. मग तिला मी माझी आतली खोली दाखवली. मी एकटा माणूस, मला बाहेरची पुरते. खोलीची भिंत पापुद्रे धरलेली होती. मी ती खरवडली. खरवडणं म्हणजे वरवर पत्रा फिरवणं नव्हे, जुना रंग चुन्यापर्यंत काढला, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, मग धुता येईल असा रंग दिला. पंखा उतरवला. छतात पिशवी टांगायला आकडा ठोकला. सिस्टरने भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली.

"चालेल?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींनी माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा घर इतकं साफ केलं नव्हतं."

शिकायला त्यांना वेळ लागला नाही. हात धुणं, तोंडाला फडकं, दार-खिडकी बंद, टोपण काढलं की कशालाही शिवायचं नाही. हात हौदावर तयार झालेले होते, सांडणं-लवंडणं त्यांना माहीत नव्हतं. निघालेलं पाणी फिकट पिवळं असायचं. पिशवीमागे मी वर्तमानपत्र धरायचो. अक्षरं वाचता आली तर ठीक, गढूळ दिसलं तर लगेच दवाखाना. वहिनी म्हणायच्या, "वाचा मोठ्याने. या निमित्ताने तुमचं वाचन तरी वाढेल."

त्या टेबलावर परतल्या. मोठी ऑर्डरही आली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे यायच्या, मी आधी खोली पुसून ठेवायचो. काही आठवडे हे सुरळीत चाललं. मग एक दिवस दुपारी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी फडकं हातात धरून दाराशी उभा.

संध्याकाळी विचारलं, तर त्या खुशीत होत्या.

"अहो, दुपारचं बदलायची गरजच नाही. सकाळचं आत घातलं की संध्याकाळपर्यंत राहू द्यायचं. संध्याकाळचंही पहाटेपर्यंत. दोनदाच बदलते, पण पूर्ण मुरवते."

"सिस्टरने सांगितलं?"

"सिस्टरने कधी लडी रंगवलीय? लवकर बाहेर काढली की अर्धा रंग हौदातच राहतो. राहू दिली की लडी सगळं पिते आणि हौदात नुसतं पाणी उरतं. हे तसंच आहे. माझ्या पोटातून आता कमी पाणी येतं, बघितलंत? चांगलं चाललंय म्हणूनच ना!"

मला पटेना, पण का पटेना ते सांगता येईना. मी एवढंच म्हणालो की काम ठरलंय तसं करावं, मध्ये आपली अक्कल घालू नये. त्या म्हणाल्या, "ही अक्कल होती म्हणून तर हिरवा जमला."

खरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, पण ती मला दिसत होती. मोठ्या ऑर्डरमुळे जेवणाची सुट्टी कापली गेली होती. मुकादमाला "अर्धा तास द्या" म्हणावं लागलं असतं. या बाईने उभ्या आयुष्यात कोणाकडे अर्धा तास मागितला नव्हता. त्यामुळे न मागण्याचं कारण त्यांनी रंगशास्त्रात शोधलं.

चार-पाच दिवस हेच चाललं, मग मी लेकीला सांगितलं. लेकीने आईचे पाय पाहिले. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. तिने आईशी वाद घातला नाही, सरळ सिस्टरला फोन लावला.

सिस्टर दुसऱ्या दिवशी आली. आधी तिने वहिनींना वजनकाट्यावर उभं केलं, मग सकाळपासून आत असलेलं पाणी माझ्या खोलीत काढायला लावलं. भरलेली पिशवी ताणकाट्याला टांगली. आत दोन लिटर घातलं होतं. बाहेर त्याहून बरंच कमी आलं.

"बाकीचं कुठे गेलं, ताई?"

"मुरलं," वहिनी म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"हो, मुरलं. तुमच्यातच मुरलं." सिस्टर खुर्ची ओढून बसली. "या पाण्यात साखर आहे. पहिले काही तास ती तुमच्या रक्तातलं पाणी खेचते. पण पडदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. तीच साखर हळूहळू तुमच्या रक्तात जाते. ती संपली की खेचणारं कोणी उरत नाही, आणि पाणी परत आत जायला लागतं. बाहेर जास्त यायला हवं. कमी येतंय म्हणजे ते तुमच्या पायांत आहे, छातीत आहे."

"आणि घाण?"

"घाण काही तास उतरते. मग पाण्यात जेवढी, तेवढीच रक्तात. दोन्हीकडे सारखी झाली की उतरणं थांबतं. त्यानंतर पाणी दहा तास ठेवा नाहीतर वीस, काही निघत नाही. पाणी बदललं तरच पुढचं निघतं."

वहिनींनी काट्याला टांगलेली पिशवी निरखून पाहिली. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"धुवायचं सोडून मी रंगवत बसले होते! धुताना कोणी मुरवतं का? धुताना पाणी बदलतात. हौदावर एवढी वर्षं काढली आणि हे मला सिस्टरने सांगायचं!"

"मला रंगातलं काही कळत नाही," सिस्टर म्हणाली. "पण पाणी बदलायचं, हे बरोबर."

मग तिने पुढचं सांगितलं. डॉक्टरांना कळवावं लागेल. आधी मशीनवर घेऊन अंगातलं पाणी काढावं लागेल. आणि हे पुन्हा झालं तर पोटाची नळी काढून कायमचं मशीन. म्हणजे सकाळचे चार तास, आठवड्यातून तीनदा. म्हणजे सुताचे गठ्ठे मोजणं.

त्याच दिवशी त्यांना मशीनला लावलं. हातातली शीर तयार होतीच. मशीन पाणी दाबाने ओढून घेतं, त्याला साखरेची वाट पाहावी लागत नाही. चार तासांनी श्वास मोकळा झाला. पायाच्या घोट्याचं हाड पुन्हा दिसू लागलं. दिवेलागणीला आम्ही घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही व्हा पुढे," आणि कारखान्याच्या फाटकाकडे वळल्या. मी पुढे झालो नाही.

ऑर्डरमुळे मुकादम अजून रंगखात्यातच होता. खालच्या हौदातून वाफा येत होत्या. वहिनी टेबलाला हात टेकवून उभ्या राहिल्या. अंगात त्राण नव्हतं, पण आवाजात होतं.

"उद्यापासून जेवणाच्या वेळी अर्धा तास मी नसेन. ऑर्डर असो नसो."

"निळीबाई, सुट्टी तर मीच कापलीय. मालक मला..."

"मालकाला सांगा, नाहीतर मी सांगते. पोटातलं पाणी दुपारी बदललं नाही तर ते माझ्या छातीत चढतं. मग तुम्हाला निळीबाई उचलून गाडीत घालावी लागेल, पुन्हा. मागच्या वेळी तुमची कंबर धरली होती ना?"

"आठवडाभर," मुकादम म्हणाला.

"मग?"

"आणि हौदावर लडी चढलेली असली तर?"

"सुट्टीच्या आधीच्या तासात मी लडी चढवणारच नाही. त्या वेळात धुण्याचं काम लावा. मी सकाळी घड्याळ बघून माल सोडते. त्यात तुमचा एक किलोही कमी होणार नाही. झाला तर टेबल तुमचं."

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही बोलेन. मी हौदाकडे पाहिलं. हे त्यांचं बोलणं होतं.

"एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं?" तो शेवटी म्हणाला.

"सवय नव्हती."

"घ्या अर्धा तास. पण मिनिटं मोजीन."

"मोजा. मोजमापाचं काम तुम्हालाच शोभतं."

दुपारच्या भोंग्याबरोबर वहिनी येऊ लागल्या. हात धुवायच्या, फडकं बांधायच्या, पिशवी टांगायच्या. आधी जुनं पाणी काढायचं, ताणकाट्यावर तोलायचं, मग नवं सोडायचं. नवं आत उतरेपर्यंत त्या डबा खायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, नळीकडे बघत बसायच्या. काटा दोन लिटरांच्या पुढे गेला की मला खूण करायच्या आणि मी मान हलवायचो. सूज परत आली नाही. डॉक्टरांनी पोटाची नळी राहू दिली.

ऑर्डर वेळेत गेली, माल कमी पडला नाही. हौदाची पाळी अशी लावली की धुण्याचे तास आणि पिशवीची वेळ एकत्र यायची, आणि ती पाळी पुढे कारखान्यात तशीच राहिली, कारण जेवणाच्या वेळी उकळते हौद सोडून जाणं तसंही कोणाला आवडत नव्हतं. टेबल वहिनींकडेच राहिलं. मध्ये एकदा पाणी गढूळ आलं, त्याच संध्याकाळी दवाखाना गाठला, औषधं पोटातच सोडली, ते निवळलं. वहिनी खातं सोडेपर्यंत टेबलावर दुसरं कोणी बसलं नाही. लेकीने तोवर स्वतःचं दुकान थाटलं होतं आणि तिला आईचे पैसे नको होते. तिने तसं बजावलं.

मग वहिनींनी गवंडी बोलावला. वर त्यांच्या घराच्या मागे एक उघडी गच्ची होती, कपडे वाळत घालण्यापुरती. तिथे एक खोली बांधायची. पैसे निवृत्तीच्या वेळी मिळाले होते. आयुष्यभराचा पगार शेवटी एका रकमेत हातात आला होता.

गवंड्याने माप घेतलं आणि डोकं खाजवलं. "बाई, एवढ्याशा खोलीला छतापर्यंत टाइल्स? इथे काय ऑपरेशन करणार?"

"रोज चार वेळा," वहिनी म्हणाल्या.

तो हसला, मग त्यांच्याकडे पाहून हसायचा थांबला आणि कामाला लागला. टाइल्सच्या सांध्यात त्याने ढिलाई केली ती वहिनींनी दोनदा काढायला लावली. मी म्हणालो, एक सांधा चालेल. त्या म्हणाल्या, "तुमच्या खोलीत चालला असता. ही माझी आहे." मी गवंड्याच्या हातात छिन्नी दिली, कारण सांधा खरंच कच्चा होता.

माझी आतली खोली मला परत मिळाली. दोन रात्री तिथे झोपून पाहिलं, जमेना, खाट पुन्हा बाहेर आणली.

वहिनींच्या पगाराने शेवटी हे घेतलं: हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी खोली, छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, कोपराने सुरू होणारा नळ, काचेची घट्ट मिटणारी खिडकी आणि आतून लावता येईल असं दार. गवंड्याचा हिशेब चुकता झाला त्या दुपारी त्या पहिल्यांदा आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. लेकीने विचारलं, "आई, काही हवंय का?"

"नको," आतून आवाज आला. "पाणी काढतेय."